राखणीचा शिक्का

मी लघवीचा डॉक्टर. पाटीवर 'मूत्रविकारतज्ज्ञ व शल्यचिकित्सक' असं लिहिलेलं होतं, पण ती पाटी रंगाऱ्याने आणि मीच काय ती वाचली असावी. रत्नागिरीच्या स्टँडवर रिक्षात बसून कोणी माझं नाव सांगितलं की रिक्षावाला विचारायचा, "म्हणजे मुताचा डाक्टर ना?" पेशंट मान खाली घालून हो म्हणायचा, आणि दवाखाना येईपर्यंतच्या पाच मिनिटांत त्याची सगळी हकिकत रिक्षावाल्याला कळलेली असायची. मला ती कळायला अर्धा तास लागायचा. माझ्यासमोर बसल्यावर माणूस आधी गुडघे सांगतो, मग ॲसिडिटी, मग यंदाचा मोहोर कसा गळला ते, आणि उठून जाताना दाराची कडी हातात धरून म्हणतो, "तसं विशेष काही नाही, पण लघवीला जरा थांबून थांबून होते." तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी खरी तक्रार बहुतेक वेळा दाराच्या कडीपाशीच ऐकली.

ज्यांना या अवयवाची ओळख नाही (आणि ती नसलेली बरी), त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी सुपारीएवढी. वय झालं की ती फुगते, लिंबाएवढी होते आणि तिच्यामधून जाणारी लघवीची नळी आवळते. हे बहुतेकांचं होतं आणि बहुतेकांत त्याचा कॅन्सरशी काही संबंध नसतो. आपल्याकडे तिला 'प्रोटेस्ट' म्हणतात. "डाक्टर, माझी प्रोटेस्ट वाढलीय." मला हा शब्द मूळ शब्दापेक्षा बरा वाटत आला आहे. साठ वर्षं निमूट काम केलेल्या अवयवाने थोडा निषेध केला तर बिघडलं कुठे?

कोशकारांनी मात्र तिला 'पौरुषग्रंथी' असं भारदस्त नाव देऊन ठेवलंय. मी नवा नवा होतो तेव्हा उत्साहाने एक पत्रक छापून घेतलं होतं: 'पौरुषग्रंथीचा कर्करोग आणि आपल्यापुढील पर्याय'. लांज्याकडचे एक गृहस्थ ते वाचून पांढरे पडले. म्हणाले, "पौरुष काढणार? मग राहणार काय?" शेजारी बसलेली त्यांची बायको पदराशी चाळा करत म्हणाली, "आता तरी कुठं राहिलंय?" पत्रकाचा गठ्ठा मी त्याच आठवड्यात रद्दीत दिला.

आमच्या धंद्यात हत्यारापेक्षा शब्द जास्त घात करतात. ऑपरेशनआधी माणसाला एक प्रश्न विचारावाच लागतो, कारण ऑपरेशननंतर त्या बाबतीत फरक पडतो. मी विचारायचो, "तुमचे संबंध आहेत का?" एकाने सांगितलं, "संबंध सगळ्यांशी चांगले आहेत डॉक्टर. एक चुलत भावाशी तेवढी केस चालू आहे." मग मी 'संसार' हा शब्द वापरून पाहिला. "संसार व्यवस्थित चाललाय ना?" तर उत्तर आलं, "हो तर, दोन्ही मुली दिल्या, स्लॅबही टाकला." इतक्या ठेचा खाल्ल्यावर माणूस शहाणा व्हायला हवा होता. पण डॉक्टर माणूस पेशंटच्या चुकांतून शिकतो, स्वतःच्या नाही.

आता कॅन्सरचं. रक्ताची पीएसए नावाची तपासणी असते. तो आकडा चढलेला दिसला की आम्ही सुईने ग्रंथीचे बारीक बारीक तुकडे काढून तपासायला पाठवतो. तुकड्यांत कॅन्सर सापडला तर तपासणारा डॉक्टर त्याला मार्क देतो. दहापैकी सहा म्हणजे संथ, मवाळ. सात म्हणजे जरा लक्ष द्यावं असा. आठच्या वर दांडगट. सहापेक्षा कमी मार्क सहसा कोणाला मिळत नाहीत.

हे मी बापट मास्तरांना समजावत होतो. बापट मास्तर निवृत्त गणित शिक्षक, पूर्णगडच्या रस्त्याला त्यांची शंभरेक हापूसची कलमं. त्यांनी रिपोर्ट चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाले, "ज्या परीक्षेत नापासाला सहा मार्क देतात, ती परीक्षा काढलीन कोणी?"

"मास्तर, सहा म्हणजे तुम्ही सुटलात म्हणायचं. साधा कॅन्सर आहे."

"कॅन्सर आणि साधा? हे म्हणजे साधा विंचू."

मास्तरांना तीन वाटा होत्या. एक, ऑपरेशन करून ग्रंथीच काढून टाकायची. काम एका दिवसात होतं, पण पुढे कित्येक महिने खोकलं-शिंकलं की लघवीचा थेंब जातो, काहींचा कायमचा जातो, आणि 'संबंध' या शब्दाचा खरा अर्थ तेव्हा कळतो. दोन, लाईट देणं. म्हणजे मशीनखाली निजायचं, रोज थोडं थोडं, कित्येक आठवडे. कापाकापी नाही, पण परगावी राहणं आलं आणि नंतर शौचाचे, लघवीचे त्रास उद्भवू शकतात. तीन, सध्या काही न करता दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा सुई घालायची आणि कॅन्सर हलला तरच हात घालायचा. संथ कॅन्सर असलेल्या पुष्कळ माणसांना आयुष्यभर दुसरं काहीच लागत नाही. ती शेवटी जातात, पण दुसऱ्याच कशाने तरी.

यातलं कुठलं बरं, हे कोणाला विचाराल त्यावर आहे. सर्जन म्हणतो कापा. लाईटवाला म्हणतो लाईट. मुंबईत एकाकडे रोबो आहे, तो म्हणतो रोबो. न्हाव्याला कोणी विचारतं का, केस वाढलेत का म्हणून? मीही न्हावीच. पहिली दहा-बारा वर्षं मी सहा मार्कवाल्यांनाही भराभर कापलं, आणि ती माणसं थेंबाथेंबाने का होईना, माझे आभार मानत राहिली. तिसऱ्या वाटेला स्वतःचा डॉक्टर नाही, मशीन नाही, त्या मशीनच्या उद्घाटनाला आमदार नाही. पुढे वाचत गेलो, वयही झालं, तेव्हा कळलं की मी कापलेल्यांतल्या कितीतरी जणांना नुसतं बघत राहिलो असतो तरी चाललं असतं. त्याची टोचणी अजून आहे.

म्हणून मी तिसरी वाट सांगू लागलो. पण तिला नाव नव्हतं. पुस्तकी नाव 'सक्रिय निरीक्षण'. ऐकून वाटावं, तहसीलदार येणार आहे. "आपण वाट बघू," म्हटलं तर विचारायचे, "कशाची?" "लक्ष ठेवू," म्हटलं तर बायका म्हणायच्या, "लक्ष काय आम्हीही ठेवतोच." "नजर ठेवू," म्हटल्यावर पावसच्या एका आजींनी तिथल्या तिथे नवऱ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्यासारखा हात फिरवला.

मास्तरांनी तिढा सोडवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे राखण. असं सरळ सांगा की. फळ झाडावर आहे, आत्ता उतरायचं नाही, पण गुरखा ठेवायचा. वानर दिसलं की मग बार."

मी खुर्चीतून उठलोच. राखण! इतकी वर्षं हा शब्द आमच्या घरच्या बागेत फिरत होता आणि मी कोश उलगडत बसलो होतो. मास्तरांची राखण सुरू झाली. ते आजही आलेखाच्या कागदावर आपला पीएसए स्वतः काढतात आणि लॅबच्या चुका मला दाखवतात. पुढच्या पेशंटनाही शब्द पटला. राखण म्हटलं की माणूस खुर्चीत सैल बसायचा. मी इतका खूश झालो की शिक्का करून घेतला: 'राखण – दर सहा महिन्यांनी'. जांभळी शाई. मयेकर सिस्टर, माझ्या दवाखान्याच्या खऱ्या मालकीण, केसपेपरवर तो उमटवायच्या. कोल्हापूरला डॉक्टरांच्या मेळाव्यात मी 'लोकभाषेतून वैद्यकीय संवाद' या विषयावर अर्धा तास बोललो, शिक्क्याचा फोटो पडद्यावर दाखवला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. त्या नारळाची सोलकढी घशाखाली उतरताना मला वाटलं होतं, आपण वैद्यकशास्त्रात भर घातली.

त्याच वर्षी शिवराम पाष्टे आला. पालीच्या आतल्या एका वाडीतला, भातशेती करणारा, साठीच्या पुढचा. अंगाने काटक, बोटं लांब. वाडीच्या नमनात मृदुंग वाजवायचा, आणि पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात नाही असं त्याची बायको पार्वती सांगायची. तो स्वतः सांगत नसे. नमन म्हणजे आमच्याकडचे शिमग्यातले खेळे. मृदुंगवाला गळ्यात मृदुंग अडकवून तासन् तास उभा असतो, तालावर पुढेमागे नाचतो.

शिवरामचे मार्क सहा. ग्रंथीच्या एका कोपऱ्यात, तेही थोडकं. मुलगा संतोष मुंबईत एका कंपनीत कामाला. तो रजा काढून आला होता आणि त्याला रोबोच हवा होता.

"सर, बाबांना कॅन्सर आहे आणि आपण बघत बसायचं?"

"बघत बसायचं नाही. राखण करायची. यात फरक आहे," मी म्हटलं आणि माझं कोल्हापूरचं भाषण त्याला थोडक्यात ऐकवलं. "माझ्या शब्दावर विश्वास ठेव."

त्याने बापाकडे पाहिलं. शिवरामने ऑपरेशनचं सगळं ऐकून एकच विचारलं होतं, "थेंब जातो म्हंजे मृदुंग गल्यात घेतल्यावर पन?" मी म्हटलं, जाऊ शकतो. त्यावर तो आपल्या बोटांकडे बघत बसला होता. राखणीचं नाव निघाल्यावर मात्र त्याचा चेहरा खुलला.

"राखन ना डाक्टर? ती आमी कधी चुकवीत नाय. आमच्यात वर्सातून एकदा असते. तुमी म्हनता तर दोनदा."

मी समजलो, हा आपल्या आंब्यांच्या राखणीबद्दल बोलतोय. त्याच्याकडे आंबे नव्हते, हे मी विचारलं नाही. "शाब्बास," म्हटलं. सिस्टरने शिक्का मारला.

ज्यांना मी कापलं त्यांची वही होती. टाके कधी, नळी कधी काढायची, सगळं तारखेवार. ज्यांना कापलं नाही त्यांची वही नव्हती. न केलेल्या कामाची कोणी नोंद ठेवतं का? तरी वर्षभराने एकदा सिस्टर म्हणाल्या, "सर, ते पालीचे पाष्टे पुन्हा दिसले नाहीत." बाहेर ओपीडी तुंबलेली. मी स्वतः फोन लावला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे कोणावर ढकलायची सोय राहिली नाही.

"काय पाष्टे, राखण चालू आहे ना?"

"व्हय तर. दोनदा दिली. वेलेवर दिली."

रक्त पालीतच कुठेतरी दिलं असणार, असं मी धरलं. "आणि कसं आहे?"

"बेस हाय. गावकर म्हनाला, लागू पडली."

गावकर म्हणजे लॅबवाल्याचं आडनाव असेल. "छान," म्हटलं, "पावसानंतर रिपोर्ट घेऊन एकदा या." तो "येतो" म्हणाला, आणि मी पुढच्या पेशंटची बेल दाबली.

पावसाळे दोन गेले. मग मार्गशीर्षात एके दिवशी दुपारी शिवराम आला. हातात टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा. टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"तुमच्या नावाचा वाटा. पाचवी राखन झाली काल. तुमी खात नाय ठावं हाय, सिस्टरांस द्या. पन वाटा तुमचाच. राखन तुमी सांगितलात."

मी झाकण उघडलं. कोंबडीचा रस्सा, वर दोन वडे. आमच्या सोवळ्या टेबलावर तो वास पसरला. मी हसून झाकण लावलं आणि विचारलं, "बरं, रक्ताचे रिपोर्ट कुठायत?"

"रगताचा कसला रिपोट?"

"अहो, दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं होतं. दिलंत ना?"

"दिला तर. पाच कोंबड्यांचा दिला. थलावरच सोडतात ता. घरी कोन आनतो?"

आणि त्याने पिशवीतून केसपेपर काढला. प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला. दोन अडीच वर्षं तो देवाऱ्यात होता. माझ्या जांभळ्या शिक्क्यावर हळद होती, कुंकू होतं आणि एक वाळकी पाकळी चिकटलेली होती.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, आणि ते मला स्वतःलाच त्या दिवशी सांगावं लागलं. आमच्या डांबरी रस्त्याच्या घरांत राखण म्हणजे बागेतला गुरखा. रस्ता सोडून आत वाड्यांत गेलं की राखण म्हणजे नैवेद्य. वाडीच्या हद्दीवर एखाद्या झाडाखाली राखणदाराचं थळ असतं. राखणदार दिसत नाही, पण गुराढोरांना, माणसांना, पिकाला सांभाळतो. वर्षातून एकदा वाडी तिथे जमते, गावकर म्हणजे वाडीचा प्रमुख गाऱ्हाणं घालतो, कोंबडा देतात, तिथेच शिजवतात, घराघराला वाटा जातो. शिवरामने माझ्या सल्ल्यात तसूभर कसूर केली नव्हती. मी लिहून दिलं होतं त्याप्रमाणे दर सहा महिन्यांनी, न चुकता.

मला आधी हसू फुटलं. मग सिस्टरकडे लक्ष गेलं. त्या हसत नव्हत्या. आणि मग ध्यानात आलं की त्या सुपारीएवढ्या जागेत काय चाललंय हे अडीच वर्षं कोणी पाहिलेलं नव्हतं.

शिवरामला रक्त द्यायला पाठवून मी सिस्टरना विचारलं, "तुम्हाला हा अर्थ माहीत होता?"

"आमच्या पूर्णगडात पण देतात सर. शिक्का करून आणलात तेव्हाच मनात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही शाई कुठल्या रंगाची घ्यायची ते विचारलंत. एवढंच विचारलंत."

पीएसए दुपटीच्या घरात गेला होता. पुन्हा सुई घातली. मार्क आले सात. स्कॅन केलं, सुदैवाने अजून सगळं ग्रंथीच्या सालीच्या आतच होतं. म्हणजे बरं होण्याची वेळ गेली नव्हती. पण नुसतं बघत राहण्याची वेळ आता निघून गेली होती, आणि मृदुंगवाल्याला मी ज्या थेंबापासून वाचवणार होतो, तो थेंब दारात येऊन उभा राहिला होता.

संतोष रातराणीने आला. ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"सर, बाबा कोंबडे देतात ते मला माहीत होतं. शिमग्याला आलो की मीच आणून द्यायचो. मला वाटलं, इकडचं तुम्ही बघताय आणि ते वर आपलं देवाचं." त्याने केसपेपरवरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "तुम्ही म्हणालात, बघत बसायचं नाही, राखण करायची. ती कोणी केली?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते केसपेपरवर इंग्रजीत लिहूनही ठेवलं होतं. अशा वेळी आम्ही सगळे डॉक्टर एकच वाक्य लिहितो, पुढेमागे कोर्टकचेरी झाली तर असू दे म्हणून. शिवरामचं त्या ताज्या शाईकडे लक्ष होतं.

"ह्या काय लिवलात?"

खोटं सांगता आलं असतं. "लिहिलंय की पेशंट तपासणीला आला नाही."

"बरोबर हाय," शिवराम म्हणाला. "नाय आलो." मग मुलाला समजावल्यासारखं बोलायला लागला. "पन आमच्यात कसा असतां डाक्टर, राखनीला एक घर आला नाय तर राखन लागत नाय. कोंबडा कापायचा थांबवतात नि त्या घरी मानूस धाडतात. बाबा का नाय आलास, आजारी हायस का, कोनाशी भांडलायस? तो येय्‌पर्यंत गावकर तोंड उघडीत नाय. तुमी मानूस धाडलात नाय. मी म्हटला, म्हंजे माजा बरा चाललाय."

मी ते इंग्रजी वाक्य खोडलं आणि खाली मराठीत लिहिलं, 'डॉक्टरने विचारलं नाही.' सही केली आणि संतोषच्या हातात दिलं. म्हटलं, याची झेरॉक्स काढून ठेव. सिस्टर बाहेर बघायला लागल्या. मला असं पाहायची त्यांना सवय नव्हती.

पुन्हा वाटा सांगायच्या होत्या. आता दोनच. या खेपेला एकेक शब्द पारखून सांगितला. कापणं म्हणजे काय काय, लाईट म्हणजे काय काय, दोन्हीत बरं होण्याची आशा सारखीच, त्रास वेगवेगळे. 'संबंध' न म्हणता जे विचारायचं ते सरळ विचारलं. पार्वती खिडकीकडे वळली. शिवराम म्हणाला, "त्यातला आता नसला तरी चालंल. मृदुंग वाजला पायजे."

"यांस घरात बसवू नका डाक्टर," पार्वती खिडकीकडेच बघत म्हणाली. "हातात मृदुंग नसला का हा मानूस जेवत पन नाय."

मी म्हटलं, मी सर्जन, माझ्यावर जाऊ नका, आधी कोल्हापूरच्या लाईटवाल्या डॉक्टरला भेटून या. चिठ्ठी दिली. पाच दिवसांनी शिवराम परत आला.

"त्यान सांगितलान, लाईटच बरी. ऑपरेशनात धोका हाय म्हनाला."

"मग लाईट घ्या. चांगला डॉक्टर आहे."

"तुमी काय म्हनता?"

"मी म्हणतो, दोन्ही सारखंच."

तो हसला. पुढचे दोन दात नव्हते. "त्यास सगला म्हाईत हाय. तुमची एकदा चुकली हाय नि तुमी ती लिवून दिलात. मी तुमच्याकडंच करतो. आता तुमी घाबरून करणार."

खरंच घाबरून केलं. भात झोडून झाल्यावर त्याने तारीख दिली, म्हणजे मी त्याला नाही, त्याने मला. आयुष्यात इतकं हळू ऑपरेशन मी केलं नव्हतं. भूलतज्ज्ञाने दोनदा घड्याळ पाहिलं. लघवी रोखणारा जो स्नायूचा वेढा माणसाला कोरडं ठेवतो, त्याच्याभोवती मी कलमाला डोळा बांधावा तसा हात चालवला. काढलेली ग्रंथी तपासून आली, कडांना कॅन्सर नव्हता.

नळी काढल्यावर व्हायचं ते झालंच. उभा राहिला की थेंब, खोकला की थेंब. मी व्यायाम शिकवला, लघवी रोखून धरल्यासारखं आतून आवळायचं, सोडायचं, दिवसातून कितीदा तरी. महिन्याने विचारलं, करता ना? म्हणाला, "नुसता आवलून ध्येनात राहत नाय. तालावर करतो. धिनाक्‌ला आवलायचा, तिनाक्‌ला सोडायचा." वैद्यकशास्त्रात ही भर मात्र खरी होती, पण ती त्याची होती. तिच्यावर मी कुठे भाषण केलं नाही. शिक्का मी आधीच पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यात टाकून आलो होतो आणि सिस्टरनी न केलेल्या कामांची वही सुरू केली होती. पहिल्या पानावर बापट मास्तर. त्यांनी वही तपासून दोन तारखा दुरुस्त केल्या.

शिवरामची ऑपरेशननंतरची तीन महिन्यांची तारीख फाल्गुनात आली. मंगळवार. दुपारचे बारा वाजले, तो आला नाही. एक वाजला. सिस्टर वही उघडी ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"फोन करतो," मी म्हटलं.

"फोन मागेपण केला होतात," सिस्टर म्हणाल्या, आणि टेबलावरची गाडीची किल्ली माझ्या बाजूला सरकवली. बाहेर अकरा पेशंट होते. त्यांना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे.

पालीपर्यंत नको ते सगळं माझ्या मनात येऊन गेलं. पुन्हा वाढला असेल. पडला असेल. माझ्यावरचा विश्वास उडाला असेल, आणि उडाला तर उडू दे, पण रक्त तरी कुठे दिलं असेल का? वाडीच्या अलीकडे रस्ता संपतो. पुढे कातळावरून पायवाट. ऊन मरणाचं. वाटेत एका झाडाखाली शेंदूर फासलेला दगड आणि त्याच्यापुढे कोंबड्याची चार पिसं पडलेली. मी चप्पल काढली की नाही आठवत नाही. थांबलो होतो एवढं खरं.

शिवराम अंगणात बसला होता. मांडीवर मृदुंग आडवा, बाजूला परातीत भिजवलेली कणीक. मृदुंगाच्या एका तोंडावर ती थापतात, मग आवाज घुमतो. तो अंगठ्याने कडा सारख्या करत होता. शेजारी पाटावर प्लास्टिकमध्ये घातलेला कागद. दुरूनच मला लॅबचं नाव दिसलं.

मी तो उचलला. रक्त आदल्याच दिवशी पालीत दिलेलं. पीएसए जवळजवळ शून्य. मी पुन्हा वाचला. मग पायरीवर बसलो.

"रिपोर्ट तयार होता तर आलात का नाही? मी तिकडे काय काय समजलो, पाष्टे!"

"सकालपास्न असेच बसलेत," पार्वती दारातून म्हणाली. "मी म्हटला जावा, एस्टी चुकंल. तर म्हनाले, थांब, बघूया."

"काय बघूया?"

शिवरामने हातातल्या कणकेला शेवटचा अंगठा दिला. मृदुंग उभा करून एकच थाप मारली. अंगण घुमलं. त्याच्या लेंग्याकडे माझी नजर गेली, डॉक्टरची सवय. त्याने ती पकडली.

"अजून जातो एकादा थेंब. खेल्यात उडी मारली की," तो म्हणाला. "पन ताल जात नाय." मग मान वळवून त्याने घरात हाक दिली.

"च्या ठेव गो. राखनदार आलाय."